बोक चॉय मेथीसारखी निवडू नका, पालकासारखी शिजवू नका: या चुका टाळा

कोल्हापुरात कपिलतीर्थ किंवा लक्ष्मीपुरीच्या मंडईत मेथीच्या ढिगाशेजारी बोक चॉय दिसेलच याची खात्री नाही. बहुधा ती सुपरमार्केटच्या थंड कपाटातून येते, पालकापेक्षा चांगलीच महाग पडते आणि घरी आली की पालेभाजी म्हणून पालकाच्याच रांगेत बसते. तिथंच गडबड होते. ही मोहरी-कोबीच्या कुळातली भाजी. पान कोवळं, पटकन आळणारं. देठ मात्र जाड, रसाळ आणि कोबीसारखा कुरकुरीत. दोन्हींना एकच न्याय लावला की एक कच्चं राहतं, नाहीतर दुसऱ्याचा लगदा होतो.

घेताना देठ दाबून बघा, टणक हवा. मध्ये पिवळ्या फुलांचा तुरा डोकावत असेल तर भाजी जून झालेली, थोडी कडवट लागणार. एप्रिलच्या उन्हात गाडीच्या डिकीत ही जुडी ठेवून आणखी चार कामं उरकायला जाऊ नका. थंडाव्यातून आलेली भाजी डिकीतच माना टाकते.

आणल्या आणल्या धुऊन ठेवणं

सगळ्यात जास्त नासाडी या चुकीनं होते. स्वच्छतेच्या हौसेनं जुडी धुवायची, ओलीच पिशवीत घालून गाठ मारायची. दोन दिवसांत पानं चिकट आणि पिशवीत आंबूस वास. बोक चॉयमध्ये मुळातच सुमारे ९५ टक्के पाणी असतं, वरून आणखी कशाला? न धुता, कोरड्या सुती कापडात किंवा भोकं पाडलेल्या पिशवीत, फ्रीजच्या खालच्या भाजीच्या कप्प्यात ठेवा. तीन-चार दिवस उत्तम राहते. पावसाळ्यात कापड ओलसर लागलं की बदला. फ्रीजच्या मागच्या गार भिंतीला चिकटवू नका. गोठलेली पानं काचेसारखी पारदर्शक होतात, ती पुन्हा ताजी होत नाहीत.

केळी, सफरचंद, टोमॅटो शेजारी नकोत. मे महिन्यात आंब्याची पेटी घरात आली की पिकलेले आंबे त्याच कप्प्यात जातात आणि मग 'भाजी एका रात्रीत पिवळी कशी पडली' असा प्रश्न पडतो. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू सुटतो, त्याचा हा परिणाम.

कोमेजलेली जुडी लगेच टाकू नका. बुडखा पातळसा कापून पंधरा-वीस मिनिटं गार पाण्यात उभी करा, बऱ्याचदा तरतरीत होते. बुळबुळीत झाली असेल तर मात्र सरळ कचऱ्यात.

वरून नळ सोडून धुणं

माती पानावर नसते, ती देठाच्या मुळाशी खोलगट भागात काळ्या चंद्रकोरीसारखी बसलेली असते. अख्ख्या जुडीवर नळ सोडला तर तिथं पाणी पोचतच नाही आणि जेवताना दाताखाली कचकच येते. बुडखा कापा, देठ सुटे करा, मोठ्या पातेल्यात बुडवून हलवा आणि थोडं थांबा. माती तळाला बसली की भाजी वर उचलून घ्या. पातेलं चाळणीवर ओतलंत तर तीच माती पुन्हा भाजीवर! पाणी नितळ दिसेपर्यंत हे करायचं. मग कापडावर पसरून कोरडी करा, कारण ओली भाजी कढईत परतली जात नाही, उकडली जाते.

झाकण ठेवून शिजवणं

लोखंडी कढई चांगली तापवा, तेलात लसूण, मग आधी देठ. दोनेक मिनिटांनी पानं. ती अर्ध्या-एक मिनिटात आळतात. मीठ शेवटी, कारण आधी घातलं की पाणी सुटतं. आपली कांदा-लसूण चटणी घालायची असेल तर देठांवर घाला. कडकडीत तेलात जळली की घरभर ठसका. चायनीजच्या गाडीवरची आच घरच्या गॅसला नसते, म्हणून एका वेळी थोडीच भाजी टाका. जास्त शिजली की उकडलेल्या कोबीचा उग्र वास येतो. हिरवा रंग टिकावा म्हणून सोडा नकोच, देठ गिळगिळीत होतात.

तरी पाणी सुटलंच? वरून बेसन भुरभुरा आणि नीट परता. झुणक्याच्या वळणाची भाजी होते, भाकरीबरोबर मूळ बेतापेक्षा बरी लागते असं माझं मत.

कच्च्या पानांची पचडी अधूनमधून चालेल, पण रोज ढीगभर नको. दररोज एक ते दीड किलो कच्ची बोक चॉय कित्येक महिने खाणाऱ्या ८८ वर्षांच्या एका महिलेला थायरॉइडचा गंभीर त्रास झाल्याची नोंद २०१० मध्ये वैद्यकीय नियतकालिकात आली होती. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच प्रमाण ठरवावं. हिच्यात व्हिटॅमिन के भरपूर असतं.

फ्रीझरमध्ये ठेवायची तर उकळत्या पाण्यात दोनेक मिनिटं, लगेच बर्फाच्या पाण्यात, मग पूर्ण निथळून. ती सूपला किंवा आमटीला वापरा, परतायला नाही. आणि डब्याला द्यायची असेल तर गरमागरम भरून झाकण लावू नका. आतल्या वाफेत ती शिजतच राहते आणि दुपारपर्यंत मळकट हिरवी होते. भरण्याआधी ताटात पसरून वाफ जाऊ द्या.