आयसीडी-११ साठी हॉस्पिटलचा स्टाफ तयार करताय? या चुका टाळा

आयसीडी-११ म्हणजे प्रत्येक आजाराला ठरावीक कोड देणाऱ्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाची नवी आवृत्ती. असं नवीन कोडिंग येणार म्हटलं की बहुतेक हॉस्पिटलांत पहिला फोन सॉफ्टवेअरवाल्याला जातो आणि दुसरा मेडिकल रेकॉर्ड विभागाला, म्हणजे एमआरडीला. डिस्चार्ज कार्ड लिहिणाऱ्या आरएमओला, म्हणजे वॉर्डातल्या ड्यूटी डॉक्टरला, कुणी विचारतच नाही. तिथूनच बिनसायला लागतं. कोड कोडर लावतो हे खरं, पण कोणता कोड लागणार ते कार्डावर काय लिहिलंय त्यावर ठरतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या रोग-वर्गीकरणाची, म्हणजे आयसीडीची, अकरावी आवृत्ती मे २०१९ मध्ये मंजूर झाली आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. आपल्याकडे विम्याच्या क्लेम फॉर्मचा जो भाग हॉस्पिटल भरतं, त्यावरचे छापील रकाने मात्र आयसीडी-१० चे आहेत. म्हणजे काही काळ दोन दगडांवर पाय ठेवूनच चालावं लागणार. तयारी करायची ती हे धरून.

सगळं प्रशिक्षण एमआरडीत उरकणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, म्हणून तिच्याबद्दल जरा सविस्तर.

पावसाळ्यातली एक नेहमीची फाइल घ्या. कार्डावर निदान असतं, 'डेंग्यू फीवर, एनएस१ (डेंग्यूची रक्तचाचणी) पॉझिटिव्ह'. बस्स. आयसीडी-११ मध्ये डेंग्यूचे वेगवेगळे कोड आहेत: धोक्याची लक्षणं नसतील तर १डी२०, असतील तर १डी२१, गंभीर डेंग्यू असेल तर १डी२२. यातलं काहीच लिहिलेलं नसेल तर कोडरच्या हाती उरतो १डी२झेड, म्हणजे 'प्रकार नमूद नाही'. आता तीच फाइल मागे उलटा. सिस्टरांच्या नोट्समध्ये रात्रभर उलट्या सुरू असल्याची नोंद आहे, पोट दुखतंय म्हणून नातेवाइकांनी बोलावल्याची नोंद आहे, लॅबच्या कागदांवर प्लेटलेट उतरताहेत आणि हेमॅटोक्रिट चढतंय. धोक्याची लक्षणं होती, उपचारही त्याप्रमाणे झाले, फक्त निदानाच्या ओळीत ती आली नाहीत.

कोडरला हे सगळं दिसतं. तरीही त्याने स्वतःच्या जबाबदारीवर १डी२१ लावायचा नाही, कारण निदान करणं त्याचं काम नाही. त्याने डॉक्टरांना विचारायचं. आणि कसं विचारायचं, हेही शिकवावं लागतं. 'सर, हे वॉर्निंग साइन्सवालं करू का?' असं जिन्यात गाठून विचारलं तर नाइट करून दमलेला आरएमओ 'कर, कर' म्हणून मोकळा होतो. त्या होकाराला काही अर्थ नसतो. प्रश्न लेखी हवा आणि त्यात उत्तर सुचवलेलं नको: 'नर्सिंग नोट्समध्ये अमुक तारखेला सतत उलट्या आणि पोटदुखीची नोंद आहे. डेंग्यूचा प्रकार कृपया नोंदवावा: धोक्याची लक्षणं नाहीत, आहेत, गंभीर, सांगता येत नाही.' खाली डॉक्टरांची सही, तारीख, वेळ. हा कागद फाइलमध्येच राहतो.

मग शिकवायचं कुणाला? खासगी हॉस्पिटलात डिस्चार्ज कार्ड प्रत्यक्षात कोण लिहितं हे सगळ्यांना ठाऊक असतं, मीटिंगमध्ये मात्र त्यावर कुणी बोलत नाही. कन्सल्टंट राउंड घेऊन जातात. कार्ड तयार करतात आरएमओ, आणि त्यांतले बरेच बीएएमएस किंवा बीएचएमएस झालेले असतात. घाईत आधीच्या पेशंटचं कार्ड उघडून त्यातच बदल केले जातात, म्हणून कधी पुरुष पेशंटच्या कार्डावर शेवटच्या पाळीची तारीख राहून जाते. कन्सल्टंटांना सभागृहात दोन तासांचं भाषण आणि जेवण, आणि ज्याच्या हातात कीबोर्ड आहे त्याला काहीच नाही, असं प्रशिक्षण म्हणजे निव्वळ खर्च. आरएमओंना त्यांच्याच वॉर्डच्या जुन्या फाइली समोर ठेवून, ड्यूटी बदलण्याच्या वेळी, पंधरा-वीस मिनिटं शिकवा. एका वेळी एकच आजार. मेडिसिनला डेंग्यू, ऑर्थोला फ्रॅक्चर. मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात तर दरवर्षी नवे रेसिडेंट येतात, त्यामुळे हा विषय रुजू होतानाच्या ओळख-सत्रात कायमचा घातला नाही तर पुढच्या वर्षी पाटी पुन्हा कोरी.

कन्सल्टंटांकडून एकच गोष्ट हवी असते: राउंडला निदान पूर्ण वाक्यात सांगणं. 'पीआयडी' एवढंच म्हटलं की स्त्रीरोग विभागात त्याचा अर्थ ओटीपोटातला जंतुसंसर्ग, ऑर्थोत मणक्यातली सरकलेली चकती. संक्षेपांची एक यादी करून ती वॉर्डात लावा. यादीत नसलेला संक्षेप निदानाच्या ओळीत चालणार नाही, हे वैद्यकीय संचालकांच्या सहीने जाहीर करा. एमआरडीच्या सहीने कुणी ऐकत नाही.

अमेरिकन कोडिंग येतं म्हणून सगळं येतं असं समजणं

पुण्यात, नवी मुंबईत अमेरिकी क्लेमचं कोडिंग करणारी भरपूर मुलं आहेत. त्यांतला एखादा एमआरडीत घेतला की झालं, असा एक समज आहे. मुलं हुशार असतात, शिस्तही चांगली असते. पण ती शिकलेली असतात अमेरिकेने स्वतःपुरतं वाढवलेलं आयसीडी-१०-सीएम, ज्यात कोड सात अक्षरांपर्यंत जातो. जागतिक आरोग्य संघटनेचं मूळ आयसीडी-१० त्याहून आटोपशीर आहे आणि आयसीडी-११ ची तर बांधणीच वेगळी. अशा माणसाला नेमा, पण त्याचंही प्रशिक्षण करा. सवयीने तो बोटांवर बसलेला कोड टाकेल, आणि आजूबाजूला चूक ओळखणारं कुणी नसेल.

अमेरिकेवरून आठवलं. त्यांचा आयसीडी-१० चा दिवस आधी १ ऑक्टोबर २०१३ ठरला, मग २०१४ झाला, आणि प्रत्यक्षात उजाडला १ ऑक्टोबर २०१५ ला. निदानाचे कोड सुमारे १४ हजारांवरून सुमारे ६९ हजारांवर गेले. पहिल्या तारखेवर विसंबून ज्यांनी सगळ्यांना आधीच शिकवून ठेवलं, त्यांना ते पुन्हा शिकवावं लागलं असणार, कारण रोज न वापरलेला कोड कुणाच्या लक्षात राहतो? त्या काळात गाजला तो 'गायीने चावा घेतला' यासाठी असलेला वेगळा कोड. हसायला ठीक आहे, पण प्रशिक्षणाचा तास असल्या गमतीत घालवू नका. तुमच्या हॉस्पिटलात मागच्या वर्षी सर्वाधिक आलेल्या ५० निदानांची यादी काढा आणि तेवढीच घोटून घ्या.

जुन्या-नव्या कोडचा तक्ता भिंतीवर लावणं

जुन्या कोडसमोर नवा कोड दाखवणारे तक्ते जागतिक आरोग्य संघटनेनेच दिले आहेत आणि जुनी आकडेवारी नव्याशी जुळवायला ते उपयोगी आहेत. पण रोजच्या फाइलींना तक्त्यावरून कोड लावायचा म्हणजे नव्या पद्धतीचा फायदा वाया घालवायचा. उच्च रक्तदाबाचं सोपं आहे, आय१० च्या जागी बीए००. पण लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातला, म्हणजे ड्युओडेनमचा, रक्तस्राव होणारा अल्सर पाहा. आयसीडी-१० मध्ये के२६.४ या एका कोडात व्रण आणि रक्तस्राव दोन्ही मावत. आयसीडी-११ मध्ये दोन कोड तिरक्या रेघेने जोडतात: डीए६३.झेड/एमई२४.९०. मांडीच्या हाडाच्या मानेचं फ्रॅक्चर असेल तर एनसी७२.२झेड, आणि ते उजवीकडे आहे हे सांगायला पुढे & लावून एक्सके९के. जुन्या एस७२.० मध्ये बाजू नव्हतीच, त्यामुळे तक्ता ती कुठून आणणार? ती कार्डावरूनच यायला हवी. ऑर्थोच्या लोकांना एवढं एक वाक्य पटलं तरी अर्धं काम झालं.

सॉफ्टवेअरवाल्याच्या 'हो, होतंय'वर विश्वास ठेवणं

इथे अडचणी बारीक असतात, पण दिवस खातात. ज्या हमखास येतात त्या सांगतो.

कोडचा रकाना पाच-सात अक्षरांचा असेल तर जोडलेला कोड अर्धा कापला जातो, आणि बहुतेक वेळा कसलीही सूचना न देता. शिवाय तिरकी रेघ आणि & ही चिन्हं काही सॉफ्टवेअर स्वीकारत नाहीत. सुरू करण्यापूर्वी वर दिलेले दोन्ही लांब कोड स्वतः टाकून, सेव्ह करून, पुन्हा उघडून आणि छापून पाहा. विक्रेत्याच्या डेमोत नव्हे, तुमच्या वॉर्डातल्या कॉम्प्युटरवर.

एक्सेलची गंमत तर वेगळीच. विषाणू ओळखला गेला नसेल तेव्हाच्या इन्फ्लुएन्झाचा कोड आहे १ई३२. एक्सेलला वाटतं ही एकावर बत्तीस शून्यं असलेली संख्या, आणि तो तिला १.००ई+३२ करून टाकतो. नागिणीचा १ई९१ ही तसाच बिघडतो. महिन्याच्या रिपोर्टात असा आकडा दिसला की समजा, रकाना 'टेक्स्ट' करायचा राहिला. फाइल आयात करण्याआधीच तो करावा लागतो, नंतर केला तर मूळ कोड परत येत नाही.

आयसीडी-११ च्या कोडांत इंग्रजी ओ आणि आय ही अक्षरं मुद्दामच ठेवलेली नाहीत, शून्य आणि एकाशी गल्लत होऊ नये म्हणून. शिवाय दुसऱ्या जागी नेहमी अक्षरच असतं, आयसीडी-१० मध्ये तिथे आकडा असतो. एवढ्या दोन नियमांची तपासणी सॉफ्टवेअरमध्ये घालून घ्या. टायपिंगच्या आणि चुकीच्या रकान्यात जुना कोड टाकण्याच्या बऱ्याच चुका जागच्या जागी पकडल्या जातात.

'आजार सापडतो, पण त्याचा कोडच दिसत नाही' अशी तक्रार आली तर बहुधा कोडर मूळ शब्दसंग्रह, म्हणजे फाउंडेशन, उघडून बसलेला असतो. कोड असतात ते त्यातून काढलेल्या एमएमएस या यादीत. आणि इंटरनेट गेलं की काम ठप्प, ही सबब तालुक्याच्या ठिकाणी ऐकायला मिळते. कोड शोधायचं हे ऑनलाइन साधन हॉस्पिटलच्या स्वतःच्या सर्व्हरवरही बसवता येतं, ते सुरुवातीलाच करून घ्या. आवृत्ती दरवर्षी सुधारते, तेव्हा कोणत्या वर्षाची वापरतोय तेही नोंदवून ठेवा.

टीपीए डेस्कला शेवटी सांगणं

टीपीए म्हणजे विमा कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणारी संस्था, आणि तिच्याशी व्यवहार करतो तो हा डेस्क. कॅशलेसची पूर्वमंजुरी एका निदानावर आणि डिस्चार्ज कार्डावर भलतंच, असं झालं की क्वेरी आलीच. नव्या पद्धतीत कार्ड जास्त तपशीलवार होतं, त्यामुळे ही तफावत सुरुवातीला वाढेल. क्लेम फॉर्मवर आयसीडी-१० चा कोड जाणार असेल तर तोही कोडरनेच लावायचा. बिलिंगमधल्या कुणी नेटवर शोधून टाकायचा नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे पॅकेज कोड हा तिसराच प्रकार. कोणत्या उपचाराचे किती पैसे ते पॅकेज कोडवर ठरतं, पेशंटला काय झालंय ते आयसीडीवर. आरोग्यमित्रांशी, म्हणजे योजनेच्या हॉस्पिटलातल्या प्रतिनिधींशी, बोलणाऱ्या डेस्कवर हा फरक पहिल्याच दिवशी समजावून सांगा, नाहीतर एकाचा कोड दुसऱ्याच्या रकान्यात जातो.

मृत्यूचं कारण 'कार्डिओरेस्पिरेटरी अरेस्ट' लिहिणं

ही चूक जुनीच आहे, नव्या कोडिंगने आपोआप सुधारणार नाही. हृदय थांबणं हे प्रत्येकच मृत्यूत घडतं. फॉर्म ४ च्या, म्हणजे मृत्यूच्या कारणाच्या वैद्यकीय दाखल्याच्या, पहिल्या भागात खालच्या ओळीवर मूळ आजार यायला हवा. तो नसेल तर आयसीडी-११ मध्येही कोडर एमसी८२ वर, म्हणजे हृदय थांबलं यावर, अडकून पडतो. लेप्टोने (लेप्टोस्पायरोसिसने) गेलेला माणूस मग लेप्टोच्या आकड्यात येतच नाही. हा फॉर्म कसा भरायचा, यासाठी रेसिडेंटांचा वेगळा तास ठेवा. माझ्या मते बाकी सगळं एकवेळ पुढे ढकललं तरी चालेल, हा तास नाही.

चुकीच्या महिन्यात सुरुवात करणं

ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये डेंग्यू-लेप्टोची गर्दी, मार्चमध्ये वर्षअखेर, आणि हॉस्पिटलांना दर्जाची मान्यता देणाऱ्या एनएबीएचची पाहणी असेल तर तो महिनाही बाद. डिसेंबर-जानेवारी बरा. सुरुवातीला कोडरचा वेग घटणारच, फाइलींचा ढीग साचणारच, तेव्हा रोजचं टार्गेट काही आठवडे कमी करा. वेगावर बोलणी खायला लागली की कोडर झेड, म्हणजे 'प्रकार नमूद नाही'वाला कोड, लावून फाइल पुढे सरकवतो. कॅज्युअल्टीतून दोन तासांत घरी गेलेल्या पेशंटला झेड लागला तर हरकत नाही, आठ दिवस आयसीयूत राहिलेल्याला लागला तर फाइल परत पाठवा. झेडचं प्रमाण विभागवार काढा, आणि ते कोडरच्या नव्हे तर त्या विभागप्रमुखाच्या टेबलावर ठेवा.

वार्षिक अहवाल करणाऱ्यालाही आधी कल्पना द्या. पक्षाघात आयसीडी-१० मध्ये रक्ताभिसरणाच्या प्रकरणात होता, आयसीडी-११ मध्ये तो मज्जासंस्थेच्या प्रकरणात गेला आहे. पहिल्याच वर्षी रक्ताभिसरणाच्या आजारांचे आकडे उतरलेले आणि न्यूरोचे चढलेले दिसतील. व्यवस्थापनाने त्यावरून खाटा हलवायला घेण्याआधी तक्त्याखाली ही टीप छापा.