कूलरचं जुनं गवत फेकू नका, कुंड्यांत टाका

एप्रिल-मे मध्ये आपल्या जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या आसपास गेला की गच्चीवरच्या कुंडीला सकाळी कितीही पाणी घाला, दुपारपर्यंत माती कडक होऊन कुंडीची कड सोडते आणि वांग्याची पानं लोंबकळतात.

यावर फुकटातला उपाय आहे भो. मार्चमध्ये कूलर काढून आपण जाळ्यांमधलं गवत बदलतो ना, ते जुनं गवत सरळ कचरागाडीत जातं, ते ठेवून द्यायचं.

१. गवत बादलीत रात्रभर भिजत घाला आणि सकाळी दोन-तीन पाण्यातून खळबळून काढा. आपल्याकडे बोअरचं पाणी जड, त्याचा पांढरा क्षार गवताला चिकटलेला असतो, तो मातीत नको. हे काम कंटाळवाणं आहे पण टाळू नका.
२. पिळून कडक उन्हात वाळवा, काळं पडून भुगा झालेलं काढून टाका.
३. हाताने मोकळं करून कुंडीत दोन बोटं जाडीचा थर द्या, खोडाभोवती मात्र चार बोटं जागा मोकळी.
४. पाणी वरूनच घाला, झिरपतं बरोबर. पुढचं पाणी घालायच्या आधी गवत बाजूला करून बोट खुपसून बघा, ओल असेल तर राहू द्या.

भरताच्या वांग्याला आणि मिरचीला तर हे फारच मानवतं.

फक्त हे लाकडाच्या गवताचंच, मधमाशीच्या पोळ्यासारखे पुठ्ठ्याचे पॅड येतात ते वापरू नका, त्यांना केमिकल लावलेलं असतं. आणि पाऊस लागला की थर काढून घ्या, नाहीतर खाली गोगलगायी जमतात.