पावसाळ्यात सेडम कसं जगवायचं

पुण्यात सेडम उन्हाने क्वचितच मरतं. मरतं ते जुलैच्या झडीत. पानफुटीच्या कुळातलं हे बुटकं, पसरणारं झाड पानांतच पाणी साठवतं, त्यामुळे आठ-दहा दिवस तहान सहज काढतं. मुळं मात्र सतत चिखलात राहिली की कुजतात. म्हणून माती कालवतानाच पावसाळा डोळ्यांपुढे ठेवायचा.

दोन भाग जाड वाळू किंवा बारीक खडी, एक भाग लाल माती, अर्धा भाग चाळलेलं गांडूळखत. क्रश सँड (दगड फोडून केलेली वाळू) वापरणार असाल तर आधी धुऊन तिची भुकटी काढून टाका, नाहीतर ती खाली बसून भोकं बुजवते. काळी माती अजिबात नको: भिजली की पाणी धरून बसते, वाळली की भेगाळून बारीक मुळं तोडते. कुंडी पसरट, १०-१२ सेंमी खोल पुरे. खोल कुंडीत तळाची माती उगाच ओली राहते, मुळं तिथवर जातही नाहीत.

लावणी ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी. शेंड्याचे ५-७ सेंमीचे तुकडे घ्या, खालची पानं काढा आणि दोन दिवस सावलीत ठेवा. काप सुकून खपली धरली की दोन-तीन सेंमी खोचा. ओला काप लावला तर तिथूनच सड सुरू होते. पहिलं पाणी तीन-चार दिवसांनी, तेही हलकं. दोन-तीन आठवड्यांनी तुकडा अलगद ओढून पाहा. अडला म्हणजे मुळं धरली.

पाणी कधी द्यायचं ते पान सांगतं. टणक, फुगीर पान असेल तर थांबा. सुरकुतलं आणि मातीही कोरडी असेल तर कुंडीखालून निथळेपर्यंत द्या. पान पिवळट, काचेसारखं पारदर्शक होऊन चिमटीत फुटत असेल तर पाणी जास्त झालंय. माती ओली असूनही पानं सुरकुतली तर मुळं गेली असं समजा. अशा वेळी पाणी घालणं ही सगळ्यात मोठी चूक! वरचे निरोगी शेंडे लगेच कापून नव्या मातीत लावा.

एप्रिल-मेमध्ये गच्चीचा स्लॅब कुंडी खालून भाजतो. ती विटांवर उचलून ठेवा, दुपारी ५० टक्क्यांची शेडनेट धरा आणि पाणी सकाळी लवकर द्या. जूनपासून छज्ज्याखाली, पण उजेडातच हलवा. अंधारात देठ लांबुडके होतात, पानं विरळ पडतात. खालची बशी काढून टाका. पावसाळाभर खतही नको.

पानांच्या बेचक्यात कापसासारखे पांढरे ठिपके दिसले तर तो पिठ्या ढेकूण. थोडे असतील तर ओल्या कापसाने पुसा. जास्त असतील तर लिटरभर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडा साबण घुसळून संध्याकाळी फवारा, आठवड्याने पुन्हा. भर उन्हात फवारलं तर पानं करपतात.