सिनेटच्या मतचाचणीचं काम शिकताना : विस्कॉन्सिनचा अनुभव

अमेरिकेत सांख्यिकी किंवा राज्यशास्त्र शिकायला येणारी मराठी मुलं-मुली मला अनेकदा विचारतात, "मतचाचण्यांच्या क्षेत्रात यायचंय, सुरुवात कुठून करू?" मी सांगते, सिनेटची, म्हणजे अमेरिकी संसदेच्या वरिष्ठ सभागृहाची, एखादी अटीतटीची निवडणूक घ्या आणि तिच्या पहिल्या चाचणीपासून निकालापर्यंतचे आकडे एका कागदावर मांडा. मी विस्कॉन्सिन राज्यात शिकले, विद्यार्थिनी असतानाच सर्वेक्षणासाठी फोनवर मुलाखती घेतल्या आणि मग विश्लेषणाकडे वळले. त्यामुळे माझं उदाहरणही तिथलंच.

भारतात आपली ओळख मुख्यतः एक्झिट पोलशी. लोक मत देऊन बाहेर पडलेले असतात, तरी अंदाज चुकतात. इथे तर उमेदवार पक्का होण्याआधीपासून चाचण्या सुरू होतात. ज्याला मत द्यायचं त्याचं नाव निम्म्या लोकांनी धड ऐकलेलंही नसतं. अशा वेळी काढलेला आकडा कसा वाचायचा, हे या कामातलं पहिलं आणि सगळ्यात अवघड शिक्षण.

2022 ची निवडणूक घ्या. रिपब्लिकन रॉन जॉन्सन 2011 पासून सिनेटर होते. समोर डेमोक्रॅटिक पक्षाचे मंडेला बार्न्स, राज्याचे लेफ्टनंट गव्हर्नर, म्हणजे गव्हर्नरच्या खालोखालचं पद. प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणारी निवडणूक, 9 ऑगस्टला झाली, पण बार्न्सचे मुख्य प्रतिस्पर्धी जुलैअखेरीसच बाजूला झाले होते, त्यामुळे त्यांच्याभोवती उत्साहाचं वातावरण होतं. त्याच ऑगस्टमध्ये मिलवॉकीच्या मार्क्वेट विद्यापीठाच्या लॉ स्कूलची चाचणी आली : नोंदणीकृत मतदारांत बार्न्स 51, जॉन्सन 44. सात पॉइंटांची आघाडी! बातम्या त्याच मथळ्याने आल्या.

सप्टेंबरमध्ये त्याच संस्थेच्या चाचणीत, मतदान करण्याची शक्यता असलेल्या म्हणजे 'लाइकली' मतदारांत जॉन्सन 49, बार्न्स 48. ऑक्टोबरमध्ये जॉन्सन 52–46 ने पुढे. शेवटच्या चाचणीत 50–48. प्रत्यक्ष निकाल जॉन्सन 50.4, बार्न्स 49.4, फरक सुमारे 27 हजार मतांचा.

मग ऑगस्टची चाचणी चुकली का? माझं स्पष्ट मत आहे की नाही. ती पुन्हा उघडून बघा. जॉन्सनबद्दल बहुतेकांचं मत ठरलेलं होतं आणि नावडणारे आवडणाऱ्यांपेक्षा जास्त होते. बार्न्सबद्दल मात्र पाचांतल्या साधारण दोघांना काहीच मत नव्हतं. म्हणजे त्या 51 टक्क्यांत 'जॉन्सन नको' म्हणणारे बरेच होते. ती कोरी जागा पुढे कोण भरणार, हाच खरा प्रश्न होता आणि ती भरली गुन्हेगारीच्या मुद्द्यावर बार्न्सना झोडपणाऱ्या जाहिरातींनी. ऑगस्टअखेरपासून टीव्हीवर त्यांचा मारा सुरू झाला होता.

दुसरी गोष्ट त्रुटीच्या मर्यादेची, म्हणजे खरा आकडा चाचणीच्या आकड्यापेक्षा किती वर-खाली असू शकतो याची. सुमारे 800 लोकांच्या नमुन्यात ती चारेक टक्के येते, पण ती एकेका उमेदवाराच्या आकड्याला लागू असते. दोघांतल्या फरकाला ती जवळजवळ दुप्पट होते. सातची आघाडी आणि आठची मर्यादा! हे गणित बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षात येतं, तरी बातमी लिहिणारे ते सोडून देतात. तुम्ही सोडू नका. तिसरी गोष्ट, ऑगस्टचा आकडा नोंदणीकृत मतदारांचा आणि नंतरचे लाइकली मतदारांचे. छेदच बदलला, तर दोन आकडे शेजारी ठेवून 'जॉन्सनची मुसंडी' म्हणताना हात आखडायला हवा.

याच राज्यात 2016 मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाचे रस फाइनगोल्ड बहुतेक चाचण्यांत जॉन्सनच्या पुढे होते आणि अखेर 46.8 विरुद्ध 50.2 असे हरले. त्या वर्षीच्या चुकांचा अभ्यास अमेरिकेतल्या जनमत संशोधकांच्या संघटनेने, म्हणजे आपोरने केला. त्यात दोन कारणं ठळकपणे आली : शेवटच्या आठवड्यात मन ठरवणारे मतदार, आणि राज्यपातळीवरच्या अनेक चाचण्यांत शिक्षणानुसार भारांकन न करणं.

हे भारांकन, म्हणजे नमुन्यातल्या गटांचं प्रमाण खऱ्या मतदारांसारखं व्हावं म्हणून उत्तरांना कमी-जास्त वजन देणं, नीट समजून घ्या, कारण कामाचा मोठा भाग तोच. समजा 800 जणांत 360 पदवीधर आले, म्हणजे 45 टक्के. मतदारांत ते 33 टक्केच आहेत असं धरू. पदवीधरांत पहिल्या उमेदवाराला 58 टक्के, बाकीच्यांत 46. भार न लावता त्याला मिळतात 51.4 टक्के, म्हणजे जवळजवळ तीन पॉइंटांची आघाडी. आता प्रत्येक पदवीधराला 0.73 आणि इतरांना 1.22 भार द्या. उत्तर येतं 50. आघाडी गायब. एकाही माणसाने मत बदललेलं नाही. हे एकदा स्वतः हाताने करून बघा, मग वय, वंश, प्रदेश असे घटक वाढवत जा. आर या संगणकभाषेतलं 'सर्व्हे' नावाचं पॅकेज यासाठी पुरेसं आहे.

फोनवरच्या कामाला कमी लेखू नका. पगार बेताचा आणि संध्याकाळच्या पाळ्या, कारण लोक तेव्हाच घरी सापडतात. कानाला हेडसेट, समोर स्क्रीन आणि प्रश्न जसा लिहिलाय तसाच वाचायचा. 'म्हणजे काय?' असं कुणी विचारलं तरी स्वतःच्या शब्दांत समजवायचं नाही. प्रश्न पुन्हा वाचायचा. उमेदवारांच्या नावांचा क्रम मुलाखतीगणिक बदलतो. 'अजून ठरलं नाही' म्हणणाऱ्याला पुढचा प्रश्न असतो : आजच मत द्यावं लागलं तर कल कुणाकडे? त्या प्रश्नानंतरची शांतता ज्याने ऐकली, त्याला 'अनिर्णित 7 टक्के' या ओळीकडे बघण्याची वेगळी नजर येते. बहुतेक लोक फोन उचलतच नाहीत, हेही तिथेच अंगवळणी पडतं. प्यू रिसर्च सेंटर या संशोधन संस्थेच्या फोन सर्वेक्षणांना 1997 मध्ये 36 टक्के प्रतिसाद होता, 2018 मध्ये तो 6 टक्क्यांवर आला. म्हणून आता मतदार यादीतून नमुना, मेसेजवर लिंक, ऑनलाइन पॅनेल अशा मिश्र पद्धती आल्या आहेत. ज्याला या पद्धतींचे गुणदोष सांगता येतात, त्याला मुलाखतीत वजन मिळतं.

शिक्षणाबाबत थोडक्यात. सर्वेक्षणशास्त्राचे स्वतंत्र अभ्यासक्रम मेरीलँड आणि मिशिगन विद्यापीठांत नावाजलेले आहेत. तिथे जमलं नाही तरी सांख्यिकीच्या पदवीसोबत नमुना-निवड आणि प्रश्नावली-रचना हे दोन विषय आवर्जून घ्या. प्रश्नावलीचा विषय मुलं टाळतात, सॉफ्ट वाटतो म्हणून. मला तो सगळ्यात उपयोगी पडला. सरावासाठी कोऑपरेटिव्ह इलेक्शन स्टडी आणि अमेरिकन नॅशनल इलेक्शन स्टडीज या मतदार-सर्वेक्षणांचा डेटा मोफत मिळतो.

आपल्या मुलांसाठी एक गोष्ट महत्त्वाची. विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला 20 तासांपर्यंतच काम करता येतं, म्हणून विद्यापीठाची सर्वेक्षण केंद्रं सोयीची. उमेदवाराच्या प्रचारयंत्रणेत किंवा तिच्यासाठी चाचण्या घेणाऱ्या कंपनीत जायचं असेल, तर आधी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला विचारा. ग्रीनकार्ड नसलेल्या परदेशी नागरिकाला निवडणुकीसाठी देणगी देता येत नाही आणि निवडणुकीच्या खर्चाबाबतच्या निर्णयांत सहभागीही होता येत नाही. मित्राच्या सांगण्यावर इथे विसंबू नका.

सिनेटच्या निवडणुका सम वर्षांत येतात आणि काम उन्हाळ्यापासून वाढत जातं, त्यामुळे अर्ज हिवाळ्यातच करा. सोबत स्वतः केलेलं एखादं छोटं विश्लेषण जोडा. 2026 मध्ये जॉर्जिया, मिशिगन, मेन आणि नॉर्थ कॅरोलायना इथे सिनेटच्या जागांसाठी लढत आहे. त्यातलं एक राज्य निवडा. प्रत्येक चाचणीसमोर तारीख, नमुना, नोंदणीकृत की लाइकली, शिक्षणाचं भारांकन आहे की नाही आणि चाचणीचा खर्च कुणी केला, असे रकाने पाडा. उमेदवाराच्या गोटातून बाहेर आलेली चाचणी वेगळ्या रंगात लिहा, कारण स्वतःला सोयीचे आकडेच ते बाहेर देतात. शेवटचा रकाना ठेवा 'उमेदवाराबद्दल मत नाही' म्हणणाऱ्यांचा, आणि तक्ता भरायला घ्याल तेव्हा सुरुवात त्याच रकान्यापासून करा.