‘माझा नंबर तुम्हाला कुणी दिला?’ : विम्याच्या लीडला फोन कसा करावा

लीड म्हणजे विमा घेईल असं वाटणारा माणूस. एजंटचा कोड, ओळखपत्र, प्लॅनची माहिती हे सगळं तुमच्याकडे आहे असं धरून चालते. आयसी-३८ ही विमा एजंटची परीक्षा पास झाल्यावर ट्रेनिंगमध्ये एक हिशेब शिकवतात: रोज शंभर फोन करा, दहा जण बोलतील, एक पॉलिसी निघेल. हा हिशेब आधी डोक्यातून काढा. ज्यानं तो मांडला त्यानं उरलेल्या नव्व्याण्णव जणांचा विचारच केलेला नाही. कोल्हापुरात ते नव्व्याण्णव जण परत भेटतात. संध्याकाळी रंकाळ्यावर भेटतात, नाहीतर लग्नात पंगतीला शेजारी येऊन बसतात.

यादी गाळा

ज्यांनी स्वतःहून विचारलं ते एका वहीत. ओळखीतून आलेले दुसऱ्या वहीत. कुणीतरी विकलेली किंवा ग्रुपवर फिरत आलेली एक्सेल शीट असेल तर डिलीट करा. ठेवली की एखाद्या रिकाम्या दुपारी हात तिकडे जातोच.

कुठल्या नंबरवरून बोलायचं

इथं बरेच एजंट फसतात, कारण ‘आपलंच सिम, आपलाच बॅलन्स, कोण विचारतंय’ असं वाटतं. ट्राय म्हणजे दूरसंचार नियामक, त्याचे २०१८ चे नियम सांगतात की विक्रीचे फोन आणि एसएमएस नोंदणी करूनच करायचे. जाहिरातीच्या फोनसाठी १४० ने सुरू होणारे नंबर आहेत, आणि एसएमएससाठी हेडर (पाठवणाऱ्याचं नाव) व मजकुराचा साचा दोन्ही आधी नोंदवावे लागतात. ही नोंदणी कंपनीची असते, तुमची-माझी नाही. अनोळखी यादीला फोन लावायचेच असतील तर ते कंपनीच्या कॉल सेंटरला लावू द्या.

फेब्रुवारी २०२५ मध्ये हे नियम आणखी कडक झाले. नकोसा फोन आल्यावर सात दिवसांत तक्रार करता येते, आणि साध्या दहा आकडी नंबरविरुद्ध दहा दिवसांत पाच तक्रारी झाल्या की कारवाई सुरू. पहिल्या वेळी पंधरा दिवस आउटगोइंग बंद, परत तेच केलं तर कनेक्शन वर्षभर तोडून काळ्या यादीत नाव. आमच्यातल्या एकाचं आउटगोइंग असंच बंद झालं. त्याच सिमवरून त्याचे जुने दोनशे ग्राहक सांभाळले जायचे. ऐन रिन्युअलच्या पंधरवड्यात तो बायकोच्या फोनवरून ‘मीच बोलतोय हो’ करत बसला होता.

मी स्वतःच्या सिमवरून फक्त अशांनाच फोन करते ज्यांनी मला विचारलंय किंवा ज्यांना माझा फोन येणार हे आधी माहीत आहे. समोरच्यानं १९०९ वर डीएनडी (जाहिरातीचे फोन नकोत अशी नोंद) लावलं असेल तर त्याची परवानगी आपल्याकडे लेखी पाहिजे. फॉर्मवरची खूण असो की ‘हो, फोन करा’ असा मेसेज, मी तो जपून ठेवते.

पहिलं अर्धं मिनिट

उरलेलं सगळं सोपं आहे. मी अडले ती इथं, आणि चांगली दोन वर्षं अडले.

सुरुवातीला मीही दोन हजार नंबरांची शीट विकत घेतली होती. फोन लावायचा, ‘नमस्कार सर, कसे आहात?’ म्हणायचं, आणि समोरचा ‘कोण?’ म्हणेपर्यंत प्लॅन सांगायला लागायचं. इचलकरंजीच्या एका यंत्रमागवाल्यांनी मला मध्येच थांबवलं. मागं मागांचा खडखडाट चालू होता, तरी प्रश्न अगदी स्पष्ट ऐकू आला. ‘माझा नंबर तुम्हाला कुणी दिला?’

मी म्हटलं, ‘कंपनीच्या डेटाबेसमधून.’

‘कुठल्या कंपनीच्या?’

मी गप्प. त्यांनी शांतपणे फोन ठेवला. पुढच्याच महिन्यात मामेबहिणीच्या लग्नात ते नवऱ्या मुलाचे काका निघाले. ओळख करून देताना हसत म्हणाले, ‘या आमच्या डेटाबेसवाल्या वहिनी.’ आजही त्या घरात माझं तेच नाव आहे. पॉलिसी काही अजून मिळालेली नाही.

तेव्हापासून मी त्यांच्या प्रश्नाचं उत्तर पहिल्याच वाक्यात देते, त्यांना विचारायची वेळच येऊ देत नाही. नाव, काम, नंबर कुठून मिळाला आणि आत्ता बोलू का, या चार गोष्टी याच क्रमानं आणि एका दमात:

‘नमस्कार, मी शाहूपुरीतनं अमुक बोलतेय, विमा एजंट आहे. परवा सोसायटीच्या कार्यक्रमात तुम्ही फॉर्मवर आरोग्य विम्याला खूण केली होती, त्यावरनं फोन केलाय. आत्ता दोन मिनिटं आहेत का, का नंतर करू?’

यात ‘विमा’ हा शब्द पहिल्या पाच सेकंदांत आलाच पाहिजे. ‘आर्थिक नियोजनाबद्दल बोलायचं होतं’ असं सांगणाऱ्यांचा मला राग येतो. दोन मिनिटांनी विमा निघाला की माणसाला फसवल्यासारखं वाटतं, आणि ते खरंच असतं. ‘मी आयआरडीएकडून बोलतोय, तुमचा बोनस आलाय’ हा तर सरळ गुन्हेगारांचा धंदा आहे. विमा नियामक कुणाला पॉलिसी विकत नाही आणि बोनसही वाटत नाही. अशा फोनांमुळेच आपल्याला पहिलं वाक्य इतकं जपून बोलावं लागतं. समोरच्याला शंका आली तर रागावू नका. ‘माझा कोड देते, नियामकाच्या एजन्सी पोर्टलवर तपासा, मग बोलू’ म्हणा. तपासणारा माणूस चांगला ग्राहक होतो, हा माझा अनुभव आहे.

ओळखीतून आलेल्या नंबरात एक खड्डा आहे. ‘माझ्या साडूचा नंबर घ्या, माझं नाव सांगा’ असं कुणी म्हटलं तरी परवानगी साडूची नाही, म्हणणाऱ्याची आहे. मी तिथंच सांगते, ‘दादा, आधी तुम्ही त्यांना फोन लावा, एजंट बाईंचा फोन येईल म्हणून सांगा, त्यांनी हो म्हटलं की मला कळवा.’ निम्मे साडू इथंच गळतात. गळू द्या.

मग ऐकायचं. कोल्हापुरी माणूस तोंडावर ‘नको’ म्हणत नाही, ते त्याच्या बोलण्यातून ओळखावं लागतं. ‘बघूया की’ म्हणजे नको. ‘सांगतो तुम्हाला’ म्हणजेही नको. पण ‘ऊसबिल आलं की बघू’ हा बहुतेक वेळा खरा होकार असतो. कायद्यानं उसाचं बिल चौदा दिवसांत मिळायला हवं, पण कायद्यावर भरवसा ठेवून तारीख धरू नका. कुठल्या कारखान्याला ऊस गेला आणि बिल कधी येईल, ते त्यालाच विचारून वहीत लिहा. ‘नको’ कळलं की वहीत लाल रेघ, आणि त्या नंबरला परत फोन नाही. दिवाळीच्या शुभेच्छांच्या आडूनसुद्धा नाही.

वेळ

सकाळी दहाच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर मी विक्रीचा फोन करत नाही. गावाकडं सकाळ-संध्याकाळ डेअरीला दूध घालायची वेळ टाळा. उद्यमनगरातल्या माणसाला लेथ चालू असताना काही ऐकू येत नाही, त्याला जेवणाच्या सुट्टीनंतर गाठा. गुजरीतल्या सराफाला धनत्रयोदशीच्या आठवड्यात फोन करणाऱ्याला काय सांगावं!

मेसेज

फोन झाल्यावर एकच, आणि लहान: ‘नमस्कार, मी अमुक, विमा एजंट, कोड अमुक. आज बोलल्याप्रमाणे चौघांच्या आरोग्य विम्याचा तक्ता गुरुवारी पाठवते. मेसेज नको असतील तर नको एवढंच लिहा.’ शेवटचं वाक्य गाळू नका. माणसाला ‘नको’ म्हणायची सोपी वाट दिली की तो तक्रारीच्या वाटेला जात नाही.

व्हॉट्सअॅपवर दोन गोष्टी जपा. मोबाइलवर स्वतः बनवलेलं ‘गॅरंटीड डबल’वालं रंगीत चित्र ही विम्याची जाहिरात ठरते, आणि कंपनीच्या मंजुरीशिवाय एजंटला जाहिरात करता येत नाही. कंपनीनं दिलेलंच पाठवा, रंग आवडला नाही तरी. दुसरं, ‘पहिल्या हप्त्यात माझं कमिशन सोडते’ असं गमतीतही लिहू नका. विमा कायदा १९३८ च्या कलम ४१ खाली सूट देणं बंद आहे, दंड दहा लाखांपर्यंत जातो, आणि तुम्ही तर स्वतःच्या हातानं लेखी पुरावा देता. समोरच्यानं कमिशन किती म्हणून विचारलं तर मात्र खरा आकडा सांगा, आचारसंहितेतच तसं आहे. विचारल्यावर खरं सांगितलं की घासाघीस थांबते.

घाई लावून विकलेल्या पॉलिसीचं काय होतं तेही बघून ठेवा. कागद हातात पडल्यावर तीस दिवसांत ग्राहक ती परत करू शकतो, आणि मग कमिशनही परत जातं. म्हणून ‘आजच शेवटचा दिवस’ मी लिहीत नाही.

वही

तारीख, नंबर कुठून आला, काय बोलणं झालं, पुढचा फोन कधी. सहा महिन्यांनी कुणी विचारलं की ‘तुम्हाला मी कधी सांगितलं होतं फोन करायला?’, तर पान उघडून वाचून दाखवता आलं पाहिजे. माझ्या वहीच्या पहिल्या पानावर इचलकरंजीचा एक नंबर आहे, लाल रेघेसकट. लग्नकार्यात भेट होते तेव्हा ते स्वतःच विचारतात, ‘काय वहिनी, डेटाबेस काय म्हणतोय?’ मी विम्याचा विषय काढत नाही.