घोट्याची पकड सोडली, मग कोच झालो

सिडनीला आलो तेव्हा अंगात कबड्डी होती. पश्चिमेकडच्या एका हौशी क्लबात रग्बी लीग खेळायला लागलो, कारण खेळ ओळखीचा वाटला. १३ गडी, ६ टॅकल (म्हणजे पकडी) होईपर्यंत बॉल तुमचा. पकडलेला गडी उठतो, पायाने बॉल मागे सरकवतो की पुन्हा धडक. ५ सीझननंतर गुडघ्याने हात टेकले आणि मी पोरांचा कोच झालो. या वाटेला येणाऱ्यांना माझ्या चुका तरी उपयोगी पडतील.

पहिल्याच महिन्यात माती खाल्ली. पोरांना घोट्याची पकड शिकवली; कबड्डीत डाव्या कोपऱ्यातली माझी हुकमी पकड ती! एकाने पळणाऱ्याच्या पायांत सूर मारला, डोकं नेमकं पुढच्या बाजूला, आणि गुडघा कानशिलावर बसला. डोक्याला मार लागल्याचा संशय जरी आला तरी पोरगं त्या दिवशी परत मैदानात जात नाही, कितीही रडलं तरी. कबड्डीत चढाई करणारा निसटायच्या बेतात असतो. इथे तो पूर्ण वेगाने अंगावर येतो. खांदा त्याच्या मांडीला, डोकं मागच्या बाजूला, गाल ढुंगणाला चिकटलेला. पोरांना असंच सांगायचं. हसतात, पण विसरत नाहीत. मी स्वतः हे वर्षानुवर्षं केलं होतं, शब्दांत मांडायची वेळ कधी आलीच नव्हती.

कागदपत्रांचं फार नाही. सिडनीच्या न्यू साउथ वेल्स राज्यात ‘वर्किंग विथ चिल्ड्रन चेक’ (मुलांसोबत काम करण्यासाठीची सरकारी पडताळणी) लागतो, स्वयंसेवकाला तो फुकट मिळतो. मग कोचिंगचा प्राथमिक कोर्स. पैसे मिळत नाहीत. नोकरी सोडू नका.

मोठ्या नावांकडे बघायचंच तर एनआरएल या इथल्या सर्वोच्च रग्बी लीग स्पर्धेतला कोच आयव्हन क्लिअरीकडे बघा. २००२ची फायनल वॉरियर्स क्लबकडून खेळून हरला, २०११ची त्याच क्लबचा कोच म्हणून हरला. २०१५मध्ये पेनरिथ क्लबने त्याला कोचपदावरून काढलं. २०१९मध्ये तिथेच परत आला, २०२०ची फायनलही हरला आणि मग २०२१ ते २०२४ सलग चार विजेतेपदं. क्रेग बेलमीसुद्धा २००३मध्ये मेलबर्न स्टॉर्म क्लबचा मुख्य कोच होण्याआधी ब्रिस्बेनच्या क्लबात मुख्य कोच वेन बेनेटच्या हाताखाली सहायकच होता. तेव्हा कोणी पाण्याच्या बाटल्या भरायला लावल्या तर तोंड वाकडं करू नका.

सगळ्यात जड गेलं ते बॉलवरून नजर काढणं. टॅकल झाला की बचावाची फळी मागे सरते, मोठ्यांच्या सामन्यात १० मीटर. कोण वळून पळत जातं आणि कोण चालत, हे मी वहीत टिपतो. एक पोरगा चौथ्या टॅकलनंतर हमखास कमरेवर हात ठेवून उभा. आळशी म्हणून दोन आठवडे ओरडलो. मग कळलं, शनिवारी तो सकाळी काही न खाताच येतो. आता माझ्या पिशवीत शिट्टी, मैदानात खुणेला ठेवायचे कोन आणि केळी असतात.