किशोरवयीन मुलांसोबत ‘गेट मी रॉजर स्टोन’ हा माहितीपट कसा पाहावा

रिपब्लिकन पक्षाचे अमेरिकी निवडणूक-रणनीतीकार आणि डोनाल्ड ट्रम्प यांचे जुने सल्लागार रॉजर स्टोन यांच्यावरचा ‘गेट मी रॉजर स्टोन’ हा माहितीपट १२ मे २०१७ रोजी नेटफ्लिक्सवर आला. तो मुलांना दाखवावा का, या प्रश्नावर पालकांना मिळणारा सल्ला बहुतेक वेळा शिव्या मोजण्यापाशीच थांबतो. शिव्या त्यात आहेत. १९९६ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार बॉब डोल यांच्या प्रचारापासून स्टोन यांना दूर व्हावे लागले, ते लैंगिक जाहिरातींचे प्रकरणही त्यात आहे. अमेरिकी वर्गीकरणानुसार त्याला टीव्ही-एमए हा दर्जा आहे, म्हणजे तो सतरा वर्षांखालील मुलांसाठी अयोग्य असू शकतो. माझे मत असे की चौदा वर्षांखालच्या मुलांना तो दाखवूच नये आणि पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांना एकट्याने पाहू देऊ नये. शिव्यांनी या वयाच्या मुलांचे फारसे काही बिघडत नाही. काळजी करायची ती या माहितीपटाचा नायक विलक्षण मनोरंजक आहे याची.

पालकांनी तो आधी एकदा स्वतः पूर्ण पाहावा.

मुलांना पार्श्वभूमी सांगायला दहा मिनिटे पुरतात. वॉटरगेट प्रकरण (विरोधी पक्षाच्या कार्यालयातील घुसखोरी आणि ती दडपण्याचा प्रयत्न) काय होते आणि १९७४ मध्ये निक्सन यांना राष्ट्राध्यक्षपद का सोडावे लागले, लॉबिंग (पैसे घेऊन सरकारी निर्णयांवर प्रभाव टाकणे) म्हणजे काय, आणि स्टोन व ट्रम्प या दोघांचे मार्गदर्शक असलेले रॉय कोहन हे वकील कोण होते, एवढे सांगितले की मुले अडखळत नाहीत. स्टोन आणि पॉल मॅनाफोर्ट १९८० मध्ये स्थापन झालेल्या एकाच लॉबिंग संस्थेचे भागीदार होते, हेही सांगून ठेवावे, कारण २०१६ मध्ये काही काळ ट्रम्प यांचे प्रचारप्रमुख असलेल्या मॅनाफोर्ट यांचे नाव पुढे पुन्हा येणार आहे. मात्र ‘आता तू एका वाईट माणसाची गोष्ट पाहणार आहेस’ अशी प्रस्तावना कृपा करून करू नये. या माणसाला नेमके तेच हवे असते.

खरी कसोटी लागते ती माहितीपट सुरू झाल्यावर, साधारण पहिल्या अर्ध्या तासात, जेव्हा मूल मोठ्याने हसू लागते. या टप्प्यावर काय करावे हे मला बराच काळ उमगत नव्हते, म्हणून त्याविषयी सविस्तर लिहितो. स्टोन विनोदी आहेत, उत्तम शिवलेले सूट घालतात, त्यांनी पाठीवर निक्सन यांचा चेहरा गोंदवून घेतला आहे, आणि निनावी राहण्यापेक्षा कुप्रसिद्ध होणे बरे, असा त्यांचा उघड नियम आहे. लहानपणाचा एक किस्सा ते आवडीने सांगतात. १९६० साली शाळेत झालेल्या लुटुपुटूच्या निवडणुकीत केनेडी जिंकावेत म्हणून त्यांनी जेवणाच्या रांगेतल्या मुलांना सांगितले की निक्सन आले तर शनिवारीही शाळा भरेल. या किस्स्याला प्रत्येक मूल हसते आणि हसावेही. त्या क्षणी ‘यात हसण्यासारखे काय आहे?’ असे विचारणारा पालक पुढच्या तासाभरासाठी श्रोता गमावून बसतो. उपदेशाने मूल स्टोन यांच्या बाजूला जाते, कारण तुलनेत स्टोन जास्त गमतीदार असतात.

दुसरा प्रचलित सल्ला म्हणजे शेवटी ‘तुला काय वाटले?’ असे मोकळेपणाने विचारावे. त्याचे उत्तर ‘भारी होता’ असे येते आणि चर्चा संपते.

यावर माझ्या अनुभवात टिकलेला उपाय एकच आहे. मोठा दावा आला की माहितीपट थांबवावा आणि एवढेच विचारावे: ही गोष्ट आपल्याला कोण सांगत आहे, आणि त्याच्याशिवाय आणखी कोण सांगते? शाळेच्या किस्स्याचे एकमेव साक्षीदार स्टोन स्वतःच आहेत, आणि त्या किस्स्याचा विषयच त्यांचे खोटे बोलणे आहे, हे मुलाच्या ध्यानात आले की हसू तसेच राहते, पण नजर बदलते. फ्लोरिडाच्या प्रसंगी तर थांबायलाच हवे. नोव्हेंबर २००० मध्ये राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत बुश आणि गोर यांच्यातील निकाल फ्लोरिडात अडकलेला असताना मायामी-डेड परगण्यातील फेरमोजणी निदर्शकांच्या गोंधळानंतर बंद झाली, आणि पुढे बुश यांना ते राज्य अवघ्या ५३७ मतांनी मिळाले. ती निदर्शने आपणच चालवली असे स्टोन सांगतात, परंतु तेथे हजर असलेल्या त्यांच्याच पक्षाच्या एका कार्यकर्त्याने हा दावा मान्य केलेला नाही. याउलट १९७२ ची एक क्लृप्ती नोंदीत आहे. निक्सन यांचे पक्षांतर्गत प्रतिस्पर्धी पीट मॅक्लॉस्की हे मतदारांना डाव्यांचे उमेदवार वाटावेत म्हणून त्यांना स्टोन यांनी एका समाजवादी युवक संघटनेच्या नावाने देणगी दिली आणि तिची पावती न्यू हॅम्पशायरमधल्या वृत्तपत्राकडे पोहोचवली. वॉटरगेटच्या चौकशीत हे प्रकरण पुढे आले. या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की केलेले आणि मिरवलेले यांतला फरक मुलाला कोणी समजावून सांगावा लागत नाही.

मी याबाबत इतका आग्रही आहे, कारण शेवटी स्टोन प्रेक्षकांना सुनावतात की तुमच्या द्वेषाचा मला आनंदच होतो, मी प्रभावी नसतो तर तुम्ही द्वेष केलाच नसता. म्हणजे संतापलेला पालक आणि भारावलेले मूल हे दोघेही त्यांच्या सामर्थ्याची ग्वाही देत असतात. हिशेब तपासणारा प्रेक्षक तेवढा त्यांना गैरसोयीचा ठरतो. मात्र दोन-तीनपेक्षा जास्त वेळा थांबू नये, नाहीतर त्याची तोंडी परीक्षा होते.

माहितीपट संपल्यावर पुढची हकीकत सांगणे अत्यावश्यक आहे, कारण तो २०१६ च्या ट्रम्प यांच्या विजयापाशी थांबतो. प्रदर्शनानंतर पाचच दिवसांनी, १७ मे २०१७ रोजी, २०१६ च्या निवडणुकीतील रशियन हस्तक्षेपाच्या चौकशीसाठी रॉबर्ट म्यूलर यांची विशेष अभियोक्ता म्हणून नेमणूक झाली. त्यांच्या चौकशीतूनच स्टोन यांच्यावर खटला उभा राहिला. अमेरिकी संसदेच्या, म्हणजे काँग्रेसच्या, चौकशीत अडथळा आणणे, खोटी विधाने करणे आणि साक्षीदारावर दबाव आणणे अशा सात आरोपांत ज्यूरीने नोव्हेंबर २०१९ मध्ये स्टोन यांना दोषी ठरवले आणि फेब्रुवारी २०२० मध्ये त्यांना ४० महिन्यांची शिक्षा झाली. ट्रम्प यांनी जुलै २०२० मध्ये ती शिक्षा रद्द केली आणि त्याच डिसेंबरात स्टोन व वेगळ्या खटल्यांत दोषी ठरलेले मॅनाफोर्ट या दोघांनाही माफी दिली. ‘म्हणजे शेवटी तेच जिंकले ना?’ हा प्रश्न येथे हमखास येतो. त्यावर राष्ट्राध्यक्षांची माफी म्हणजे ज्यूरीने निर्दोष ठरवणे नव्हे, एवढे स्पष्ट सांगावे.

‘सगळे राजकारणी असेच असतात’ असे मूल म्हणाले, तर वाद घालण्याऐवजी मॅक्लॉस्की यांच्याकडे परत जावे आणि त्या पावतीची बातमी खरी मानणाऱ्या न्यू हॅम्पशायरच्या मतदाराकडून नेमके काय काढून घेतले गेले, ते विचारावे. सरसकट निराशेला या एका मतदाराइतके चांगले उत्तर मला अजून सापडलेले नाही.

मुलाला आणखी पाहायचे असेल, तर २०२० ची निवडणूक आणि ६ जानेवारी २०२१ रोजी ट्रम्प समर्थकांनी अमेरिकी संसदेवर केलेला हल्ला या काळातील स्टोन यांच्यावरचा ‘अ स्टॉर्म फोरटोल्ड’ हा २०२३ चा डॅनिश माहितीपट आहे; त्यात हिंसेची भाषा उघडपणे येते, त्यामुळे सतरा वर्षांच्या आत तो दाखवू नये.